ऑटोमॅटिक कॉफी मशीनमध्ये दुधाचा फेस पुन्हा पुन्हा बसतो तेव्हा

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीत आमचं पाच खोल्यांचं घरगुती निवास आहे. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी आम्ही पूर्ण ऑटोमॅटिक कॉफी मशीन घेतलं. बटण दाबलं की बिया दळून कॉफी आणि दूध दोन्ही तेच कपात देतं. तेव्हापासून तक्रार एकच, दुधाचा फेस. कधी दूध नुसतंच गरम येतं. कधी साबणासारखे मोठे बुडबुडे येतात आणि कप पडवीत पोचेपर्यंत विरतात. कधी मशीन फुर्र फुर्र करत अर्धाच कप भरतं. काहीतरी करून दुरुस्त होतं, महिना-दीड महिना बरं चालतं आणि परत तेच सुरू होतं.

एकदा दुधाच्या जगचं अख्खं झाकण बदललं. एकदा मशीन खोक्यात घालून पुण्याला सर्व्हिसला पाठवलं. तिथे आठवडाभर उत्तम चाललं, म्हणून काहीही न बदलता परत आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुण्यात चालतं आणि आमच्या माजघरात चालत नाही, तर शोध माजघरातच घ्यायला हवा.

मग मशीनशेजारी खिळ्याला एक वही टांगली. तारीख, वेळ, दूध कुठलं, लाईट कशी होती, फेस कसा आला, एवढंच लिहायचं. वर्षभराने पानं चाळली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. जून ते सप्टेंबरमधल्या तक्रारी बहुतेक सकाळच्या, पहिल्या दोन-तीन कपांच्या होत्या. दिवाळी ते मे या काळातल्या सगळ्या संध्याकाळी सहा ते आठच्या. आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती दोन वेगळी दुखणी होती, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देत होतो.

म्हणून सर्व्हिसला फोन लावण्याआधी आपला फेस नेमका कधी बसतो हे लिहून ठेवायला लागा. त्याच्या जोडीला एक परीक्षा करा. टोन्ड दुधाचं न उघडलेलं टेट्रापॅक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी जग आणि नळी धुऊन त्याच दुधाचा एक कप काढा. फेस छान आला तर दोष नेहमीच्या दुधाचा. नाही आला तर दुधाची किंवा हवेची वाट तुंबलेली आहे, नाहीतर वाफ कमी पडते आहे. सकाळी छान आला आणि त्याच पॅकमधल्या दुधाचा संध्याकाळी बसला, तर विजेकडे बघा. या एका परीक्षेने माझे दोन फेरे वाचले असते.

आता हे असं का होतं ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं हाताशी येईल. बऱ्याच मशीनमध्ये दूध ओढायला वेगळा पंप नसतो. वाफ बारीक तोंडातून जोरात सुटते, तिच्या ओढीने नळीतून दूध वर येतं आणि बाजूच्या एका छोट्या भोकातून हवा आत शिरते. दूध, हवा आणि वाफ एकत्र घुसळली गेली की फेस होतो. बुडबुड्याला कवच मिळतं ते दुधातल्या प्रथिनांचं. स्निग्धांशाने फेस तोंडात मऊ लागतो, पण तोच मोकळा सुटला तर कवच फोडतो. दूध, हवा आणि वाफ या तिघांपैकी एकजण जरी कमी पडला तरी कपात दिसणारं लक्षण जवळजवळ सारखंच असतं, आणि घोटाळा होतो तो इथेच.

पावसाळी सकाळचं दुखणं दुधाचं होतं. आमच्याकडे पिशवीचं दूध घाटावरून येतं, कराडकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग इकडे. घाटात दरड आली की गाडी दोन-चार तास अडकते. त्यात रात्री लाईट गेलेली असली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. एकदा सकाळी स्वयंपाकाचा थर्मामीटर दुधात बुडवून बघितला, तर १४ अंश. दूध चार-पाच अंशांवर असेल तेव्हा फेस चांगला धरतो. साधारण १५ ते ३५ अंशांच्या टापूत दुधातली चरबी अर्धी घट्ट, अर्धी पातळ असते आणि तीच बुडबुडे फोडत राहते. शिवाय मशीनची वाफ ठरलेली असते. गार दूध ती ६०-६५ अंशांपर्यंत नेते, आणि आधीच कोमट असलेलं दूध त्याच्या बरंच वर जातं. सत्तरच्या पुढे फेस कोरडा होतो, फुटतो, आणि दुधाला उकळल्याचा वास लागतो.

उपाय साधा आहे. फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या बर्फ करून दुधाच्या दोन्ही बाजूंना उभ्या ठेवा. लाईट जाऊन-येऊन असली तरी सकाळपर्यंत थंडावा टिकतो. मशीनचा जगच दुधासकट फ्रीजमध्ये ठेवता येत असेल तर तसाच ठेवा, आणि काढला की वापरून लगेच परत आत. पाहुणे गप्पा मारत असतात, जग अर्धा तास मशीनला लटकलेला राहतो आणि तिसऱ्या कपाला फेस येत नाही. हे मी कितीदा बघितलंय.

कुठलं दूध घ्यायचं हे पिशवीवरच कळतं. टोन्डमध्ये ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ, डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९, फुल क्रीममध्ये ६ आणि ९. डबल टोन्डचा फेस सगळ्यात उंच आणि ताठ येतो, पण कॉफी पातळ लागते. फुल क्रीमची चव सुंदर, फेस मात्र जड आणि बुटका. आम्ही टोन्डवर स्थिरावलो. पावसाळ्यात कपाटात टेट्रापॅकची सहा खोकी असतातच. ते दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक केलेलं असतं, बंद असेपर्यंत फ्रीज लागत नाही, आणि त्याचा फेस दर वेळी सारखा येतो. वापरण्याआधी रात्रभर गार करायला मात्र विसरू नका.

आमच्या सासूबाईंना, माईंना, हे पटायला वेळ लागला. शेजारच्या काकांच्या गोठ्यातून गाईच्या दुधाचा रतीब असताना खोक्यातलं दूध पाहुण्यांना द्यायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. "अगं, घरचं दूध सोडून हे काय डब्यातलं?" त्यांचं चूक नव्हतं, ते दूध चवीला शंभर पट चांगलं. पण सुट्या दुधातले चरबीचे कण पिशवीच्या दुधासारखे बारीक करून मिसळलेले नसतात. ते वर येतात, त्यांची साय धरते, आणि सायीचा एक धागा नळीत गेला की तुंबलंच. किटलीत हिंदकळत आलेल्या निरशा दुधात चरबी मोकळीही सुटते, मग फेस क्षणात खाली बसतो. घरचंच दूध वापरायचं असेल तर उकळा, गार करून साय काढा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी पुन्हा साय काढा आणि स्वच्छ मलमलीतून गाळून मगच जगात घाला. असा फेस पिशवीच्या दुधाइतका उंच येत नाही, पण बरा येतो. माई आता हे सगळं स्वतः करतात, आणि त्या दुधाची कॉफी मागणारे पाहुणे ठरलेले आहेत. निरसं दूध थेट मशीनमध्ये कधीही घालू नका. मशीन ते काही सेकंद साठ-पासष्ट अंशांपर्यंत नेतं, त्याने दूध उकळल्यासारखं निर्धोक होत नाही.

दूध बदलूनही फेस आला नाही तर हवेच्या भोकाकडे या. आमच्या जगच्या झाकणावर फेस कमी-जास्त करायची चकती आहे. ती सरळ वर ओढली की निघते, हे मला दीड वर्ष माहीतच नव्हतं. तिच्या मुळाशी मोहरीच्या दाण्याएवढं रबरी तोंड आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. उजेडात धरलं तर पलीकडचं काही दिसेना. तुपाच्या बेरीसारखा पिवळसर-तपकिरी कण त्यात घट्ट बसला होता. एवढ्याशा कणाने हवा अडवली होती, म्हणून दूध नुसतंच गरम होऊन येत होतं. झाकण बदललं तेव्हा महिनाभर बरं का वाटलं, तेही तेव्हाच उमगलं. नव्या झाकणाचं भोक मोकळं होतं, इतकंच.

इथे एक कळकळीची विनंती. त्या भोकात टाचणी किंवा सुई घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं तरी हवा जास्त शिरते आणि मग कायमचे साबणासारखे बुडबुडे. सगळे भाग सुटे करा, आधी गार पाण्याखाली धरा, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि तोंडाने फुंकर मारून कण बाहेर काढा. आधी गार पाणी एवढ्यासाठी की कढत पाण्याने दुधातलं प्रथिन शिजून आणखी चिकटतं. दुधाचं पातेलं घासणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं, मशीनच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. चकतीखालचं आणि जग मशीनला जोडतो तिथलं रबराचं कडंही तपासा. ते सुकलं, वळलं किंवा नीट बसलं नाही तर नळी नको तिथून हवा ओढते आणि फुर्र फुर्र आवाज येतो.

मशीनमध्ये दुधाची वाट साफ करायचं बटण असतं ना, मग हे कशाला, असं पाहुणेही विचारतात. ते बटण नळीतून गरम पाणी आणि वाफ सोडतं. प्रत्येक वापरानंतर ते दाबायचंच, पण त्याने ताजं दूध निघतं, वाळलेलं नाही. आमच्या हवेत रात्रभर नळीत राहिलेला थेंब सकाळी आंबतो. पावसाळ्यात आम्ही रोज रात्री सगळे भाग सुटे करतो.

आता संध्याकाळचं दुखणं. दूध गार, भोक मोकळं, सकाळी फेस इतका सुरेख की वर साखर ठेवली तर दोन क्षण थांबून मग बुडायची. आणि सहा वाजता, पाहुणे समुद्रावरून परतले की, कोमट पांढरं पाणी. डिसेंबरमध्ये वायरमन दुसऱ्याच कामाला आला होता. मी सहज त्याला हे सांगितलं. त्याने मशीनशेजारच्या पॉइंटमध्ये मीटर लावला, २२८ व्होल्ट. मग म्हणाला, "वहिनी, संध्याकाळी काय काय चालू असतं, ते सगळं लावा बघू." विहिरीवरचा पंप सुरू केला, कारण दिवाळीपासून पोफळींना पाणी आम्ही संध्याकाळी सोडतो. दोन गीझर लावले. कॉफी मशीनवर दुधाचं बटण दाबलं. मीटर १८२ वर आला आणि तिथेच थरथरत राहिला.

हिशोब असा आहे. तापवायच्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टला १४५० वॅट देणारं मशीन १८० व्होल्टला जेमतेम ८९० वॅट देतं. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी पडतं आणि उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. नुसत्या कॉफीला हे फारसं जाणवत नाही, मशीन थोडं थांबून पाणी तापवून घेतं. दुधाला मात्र अर्धा-पाऊण मिनिट सलग वाफ लागते. सुरुवातीची वाफ जोरात निघते, मग कॉइल मागे पडते, वाफेत पाणी यायला लागतं, ओढ कमी होते आणि फेस बसतो. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे दिसणार तरी कसं?

आम्ही तीन गोष्टी केल्या. पाणी सोडायची वेळ पहाटेवर नेली. मशीन ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवरून काढून १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर आणलं. १४५० वॅटचं मशीन सहा अँपिअरपेक्षा थोडी जास्तच वीज ओढतं, तो बोर्ड हाताला गरम लागायचा आणि व्होल्टेजही खायचा. तिसरी गोष्ट म्हणजे ३ केव्हीएचा स्टॅबिलायझर. पहिल्या दोन गोष्टींनीच बराच फरक पडला, त्यामुळे स्टॅबिलायझरवर पैसे घालण्याआधी त्या करून बघा. घरातल्या दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरवर मात्र मशीन लावू नका. एवढा भार तो झेलत नाही, दूध अर्ध्यावर असताना बंद पडतो आणि नळी दुधाने भरलेली राहते.

पाण्याचं थोडक्यात सांगते. वाफेच्या वाटेत क्षारांचा थर बसला की वाफ कमी पडते आणि लक्षणं कमी व्होल्टेजसारखीच दिसतात, फक्त ती सकाळ-संध्याकाळ सारखीच असतात. मशीनबरोबर पाण्याचा जडपणा मोजायची पट्टी येते, ती स्वतःच्या पाण्यात बुडवून तोच आकडा मशीनमध्ये भरा. मशीन डीस्केलची, म्हणजे क्षारांचा थर काढायची, आठवण करून देतं ती त्याच आकड्यावरून. आमची जांभ्यातली विहीर मऊ पाण्याची आहे. पण किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, आणि टाकीत बसवायचं फिल्टर त्यातलं मीठ काढत नाही. ते पाणी मशीनला नकोच, स्टीललाही ते खातं. डीस्केलला कंपनीचं द्रव वापरा, व्हिनेगर नको. आमच्याकडे कुणीतरी कोकमाचं आगळ सुचवलं होतं. त्यातलं मीठ, रंग आणि गर मशीनमध्ये जाणं बरं नाही, ते सोलकढीलाच असू द्या. डीस्केलने दुधाची नळी साफ होत नाही हेही लक्षात असू द्या. क्षार आणि दुधाचा चिकट थर यांची औषधं निराळी असतात.

आता ज्यांना नवीन मशीन घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. महागड्या मशीनची तुलना करताना लोक फेस किती बारीक, पेयं किती प्रकारची हे बघतात. आपल्या हवेत मी आधी एकच विचारीन, दूध ज्या-ज्या वाटेने जातं ती वाट मला डोळ्यांनी दिसते का आणि हाताने धुता येते का?

फिलिप्सच्या लाट्टेगोमध्ये दुधाला नळीच नाही. दोन भागांचा प्लास्टिकचा जग, त्यातच दूध आणि हवा गरगर फिरून फेस होतो, आणि दोन्ही भाग वेगळे करून नळाखाली धरले की झालं. फेस जाडसर येतो, कमी-जास्त करायला फारसा वाव नाही, पण तुंबायला जागाही कमी. डेलाँगीच्या लाट्टेक्रेमा जगमध्ये झाकणावर चकती असते, फेस हवा तसा बदलता येतो, चकती साफसफाईच्या खुणेवर फिरवली की वाट धुतली जाते. एलेट्टा एक्सप्लोरमध्ये गार फेसाचा वेगळा जगही मिळतो, आणि कोकणातल्या उन्हाळ्यात गार कॉफीला तो खरोखर कामाचा आहे. पण या जातीच्या जगमध्ये भाग जास्त, आणि रोज सुटे करायची तयारी हवी. युराच्या ई८ किंवा झेड१० मध्ये नळी कुठल्याही भांड्यात सोडता येते आणि फेस रेशमासारखा. मात्र नळी आणि दूध पडायचं तोंड त्यांच्या साफसफाईच्या द्रवाने नेमाने धुवावं लागतं. सीमेन्सच्या ईक्यू मालिकेतल्या काही मशीनमध्ये प्रत्येक पेयानंतर वाफ स्वतःहून दुधाची वाट धुते. दमट हवेत ही मोठी सोय आहे, तरी आठवड्याचं हाताने धुणं सुटत नाही.

आणखी एक फरक पावसाळ्यात फार महत्त्वाचा ठरतो. कॉफी दाबून गाळणारा आतला भाग फिलिप्स, डेलाँगी, सीमेन्समध्ये बाहेर काढून धुता येतो. युरामध्ये तो आतच बसवलेला असतो आणि गोळ्या टाकून साफ करायचा. जुलैमध्ये आमच्याकडे चोथ्याच्या डब्यात दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. त्यामुळे माझ्यासारखीला तो भाग हातात आलेलाच बरा वाटतो. ज्यांच्याकडे मशीन रोज दहा-पंधरा कप चालतं आणि घर कोरडं आहे, त्यांनी दुसरा विचार केला तरी चालेल.

वर्षातून आठ-दहा दिवस पाहुणे आले तरच मशीन चालणार असेल, तर मी दुधाचा जग नसलेलं, नुसती वाफेची कांडी असलेलं मशीन सुचवीन. कांडीतून क्षणभर वाफ सोडून ती ओल्या फडक्याने पुसली की काम संपतं.

आणि घर बंद करून चार दिवस बाहेर जाणार असाल तर दुधाचे सगळे भाग सुटे करून, धुऊन, पंच्यावर पालथे ठेवून जा. पाण्याची टाकी आणि चोथ्याचा डबा रिकामा करा, बियांचा कप्पा रिकामा करून बिया घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि आतला भाग काढता येत असेल तर तो काढून मशीनचं दार उघडंच ठेवा. परत आल्यावर पहिले दोन कप नुसतं गरम पाणी सोडा, मग दुधाला हात लावा.